सशाच्या दाढा घासायच्या आहेत: भूल किती धोक्याची आणि नंतर घरी काय बघायचं?

चिकूचं_घर (सांगली)

आमचा ससा चिकू, नर, साडेचार वर्षांचा. जानेवारीत वजन १.९ किलो होतं, काल १.६ भरलं. तीन आठवडे झाले, गवताची काडी तोंडात घेतो, दोनदा चावतो आणि टाकून देतो. कोथिंबीर खातो, पण मान वाकडी करून एकाच बाजूने. हनुवटी सतत ओली, गळ्याखालचे केस चिकटून बसलेत. लेंड्या हरभऱ्याएवढ्या असायच्या, आता मसुराएवढ्या आणि मोजक्या. उजव्या डोळ्यातून पांढुरकं पाणी येतं, ते धुळीमुळे असेल असं धरून चाललोय.

डॉक्टरांनी ऑटोस्कोप (कान तपासायची दिव्याची नळी) घालून तोंड पाहिलं. खालच्या डाव्या दाढेला टोक आलंय आणि ते जिभेला लागतंय, भूल देऊन घासावं लागेल म्हणाले. पुढच्या मंगळवारची तारीख दिली आहे. सूचनांच्या कागदावर ‘रात्री १० नंतर अन्नपाणी बंद’ असं लिहिलंय. सशांना भूल सोसत नाही असं सगळे सांगतात, त्यामुळे घरात सगळ्यांनी धास्ती घेतली आहे. भूल न देता होणार नाही का? धोका नेमका किती? आणि घरी आणल्यावर काय करायचं? याआधी पुढचे दात वाढले तेव्हा दुकानातून दोनदा नेलकटरने कापून आणले होते, तेही सांगून ठेवतो.

---

पशुवैद्य_कोल्हापूर

सर्वात आधी त्या कागदाबद्दल. तो कुत्र्या-मांजरांसाठी छापलेला आहे. त्यांना उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही, जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की वर काही येऊ शकत नाही. त्याचं जठर कधी पूर्ण रिकामंही होत नाही. रात्रभर उपाशी ठेवलं तर आतड्यांची हालचाल मंदावते, साखर उतरते, अंगावरची चरबी यकृतात साठू लागते, आणि आधीच कमी खाणारा ससा त्याच अवस्थेत टेबलावर येतो. अन्न बाजूला करायचं ते फक्त शेवटचा तासभर, तेही तोंडात चघळलेला चोथा राहू नये एवढ्यासाठी. पाणी शेवटपर्यंत चालू. डॉक्टरांना आजच फोन करून हे बोलून घ्या. समजून घेतील. कागद बहुतेक वेळा काउंटरवरून सरसकट दिला जातो.

आता धोका. यावर ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला, त्यात ८ हजारांवर ससे होते. भूल किंवा गुंगीच्या औषधानंतर ४८ तासांत दगावण्याचं प्रमाण सशांत १.३९ टक्के निघालं, कुत्र्यांत ०.१७ आणि मांजरांत ०.२४. म्हणजे लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. पण त्याच अभ्यासातले पुढचे दोन आकडे जास्त कामाचे आहेत: निरोगी सशांत ०.७३ टक्के, आजारी सशांत ७.३७ टक्के. दहापट फरक! आणि दगावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त टेबलावर नव्हे तर नंतर गेले, त्यातही बरेचसे पहिल्या तीन तासांत. म्हणून माझा भर नेहमी दोन गोष्टींवर असतो: ससा टेबलावर कोणत्या अवस्थेत येतोय आणि शुद्धीवर येताना त्याच्याजवळ कोण आहे.

चिकूचं ३०० ग्रॅम वजन गेलंय, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. आज तो ‘आजारी’ या बाजूला झुकलेला आहे. मंगळवारपर्यंतचे दिवस त्याला दुसऱ्या बाजूला आणायला वापरा. आजच डॉक्टरांना विचारून वेदनाशामक चालू करा, सिरिंजने खाणं चालू करा, कातडी ओढल्यावर सावकाश खाली बसत असेल तर कातडीखाली सलाइन देऊन घ्या. वजन रोज त्याच वेळी, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर. घसरण थांबली तर मंगळवारचं गणितच बदलतं. उलट घाबरून काम महिनाभर पुढे ढकललंत तर जिभेची जखम आहे तिथेच राहील, वजन आणखी उतरेल आणि हीच भूल जास्त धोक्याची होईल.

भुलेशिवाय? पुढचे पटाशीचे दात शुद्धीत घासता येतात. दाढा नाही. सशाचं तोंड उघडतं ते जेमतेम बोटभर, जीभ जाड आणि लांब, गालाचे पडदे आत येतात, आणि दाढा पार मागे. तिथे जिभेला लागून फिरता बर (दात घासायचं यंत्राचं टोक) चालवायचा. सशाने एक झटका दिला तर जीभ चिरते, आणि घट्ट धरलेल्या सशाने मागच्या पायांची लाथ झाडली तर कमरेचा मणका मोडतो. पकडीने टोक तोडणं त्याहून वाईट, दाढ उभी चिरते आणि चीर मुळापर्यंत जाते.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: उजवा डोळा. सशाची अश्रुनलिका वरच्या पहिल्या दाढांच्या आणि पटाशीच्या दाताच्या मुळांना खेटून जाते. सशाचे सगळे २८ दात आयुष्यभर वाढतात. वर झिजायला जागा मिळाली नाही की मूळ उलट्या दिशेने हाडात घुसतं आणि नलिका दाबतं. एकाच डोळ्यातून पांढुरकं पाणी येत असेल तर धूळ हे शेवटचं कारण धरा. टोक खाली डावीकडे आणि डोळा उजवा, म्हणजे त्रास एका दाढेचा नसावा. शुद्धीतल्या सशात ऑटोस्कोपने अर्धंच दिसतं. तेव्हा त्याच भुलेत कवटीचे एक्स-रे काढून घ्या: एका कुशीवरून सरळ, दोन्ही बाजूंनी तिरपे आणि एक वरून खाली. नलिका सलाइनने धुणंही त्याच वेळी होतं. खालच्या जबड्याच्या कडेवरून हलकेच बोट फिरवून बघा, मुळं खाली आली असतील तर मण्यांसारखे उंचवटे लागतात.

---

भूलकक्ष

वर दगावण्याचं प्रमाण आलंय. ते कशामुळे होतं हे कळलं की डॉक्टरांना काय विचारायचं ते आपोआप कळतं.

ससा नाकानेच श्वास घेतो. त्याची छाती लहान, पोट मोठं. उताणा केला की भरलेलं सीकम (गवत आंबवणारी आतड्याची मोठी पिशवी) छातीच्या पडद्यावर बसतं. दाढांच्या कामात त्यातच तोंड ताणून उघडलेलं, जीभ बाहेर ओढलेली, वर बरचं पाणी आणि दाताची पूड. म्हणून डोकं-छाती पोटापेक्षा थोडी उंच, नाक किंचित खाली, घशाशी ओला कापसाचा बोळा (आणि शेवटी तो मोजून बाहेर काढलेला), हे साधे उपाय जीव वाचवतात. श्वासनलिकेत नळी घालणं सशात अवघड असतं, चिकूच्या मापाला २ ते २.५ मिलिमीटरची लागेल, आणि वारंवार टोचून प्रयत्न केला तर घसा सुजतो. सराव असलेल्याने घालावी. टोक घासण्याचं दहा-पंधरा मिनिटांचं काम असेल तर नाकावरच्या छोट्या मास्कने ऑक्सिजन आणि गॅस देऊनही नीट होतं. दाढ काढायची असेल तर मात्र नळी हवी.

नुसता मास्क लावून गॅसने झोपवू नये. भुलेच्या गॅसचा, आयसोफ्लुरेनचा, वास उग्र असतो. ससा घाबरून श्वास रोखून धरतो, मिनिटभराहूनही जास्त, आणि हृदयाचे ठोके झपकन उतरतात. आधी शांत करणारं इंजेक्शन (मिडाझोलाम, त्याच्या जोडीला ब्युटॉर्फॅनॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन), मग काही मिनिटं नुसता ऑक्सिजन, मग भूल, असा क्रम हवा. कानाच्या कडेच्या शिरेत २४ किंवा २६ नंबरची सुई बसवलेली असावी. तिथले केस काढून लिग्नोकेन-प्रायलोकेनचं मलम अर्धा तास आधी लावलं तर ससा टोचताना हलतही नाही. ही सुई आधीच असली की संकटात शीर शोधत बसावं लागत नाही.

औषधांतल्या दोन खाचा. अनेक सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपीन मोडून टाकणारं एन्झाइम असतं, त्यामुळे ठोके उतरले तर अ‍ॅट्रोपीनचा भरवसा नसतो, ग्लायकोपायरोलेट हाताशी असावं. आणि टिलेटामीन-झोलाझेपामची तयार जोडी कुत्र्यांसाठी सर्रास वापरतात, पण टिलेटामीन सशाच्या मूत्रपिंडांना इजा करतं. ते नको म्हणून स्पष्ट सांगा.

तिसरा शत्रू गारवा. छोटं अंग, त्यात तोंडाजवळची फर ओली झालेली. वीस मिनिटांत तापमान दोन अंश उतरू शकतं. गार पडलेला ससा औषध सावकाश जिरवतो, उशिरा उठतो, उशिरा खातो. नेहमीचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस. ३८ च्या खाली गेलं तर ऊब वाढवायची, आणि तो ३८ पार करेपर्यंत घरी न्यायचा नाही. डोळ्यांत मलम घातलेलं असावं, सशाचे डोळे भुलेत उघडेच राहतात.

---

चिकूचं_घर (सांगली)

डॉक्टरांशी बोललो. उपासाचं त्यांनी लगेच मान्य केलं. पण त्यांच्याकडे गॅसचं मशीन नाही, केटामाइन आणि झायलाझीनचं इंजेक्शन देतात. एक्स-रे बाहेर काढावा लागेल. इथेच करून घ्यावं की दुसरीकडे न्यावं? बाहेर ऊन इतकं आहे की प्रवासाचीच भीती वाटते. आज सिरिंजने भरवायचा प्रयत्न केला, निम्मं बाहेर सांडलं.

---

भूलकक्ष

केटामाइन-झायलाझीनवर आपल्याकडे कितीतरी ससे झोपवले जातात आणि उठतातही. अडचण अशी की एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही. गॅस असला तर डायल फिरवली की ससा हलका होतो. झायलाझीन रक्तदाब आणि श्वास दोन्ही खाली नेतं, आणि अशक्त सशात ते जास्त जाणवतं. चिकूला एक्स-रे हवाच आहे, कदाचित दाढही काढावी लागेल, म्हणजे वेळ वाढणार. म्हणून मी गॅस आणि एक्स-रे एका छताखाली असलेली जागा शोधेन. कोल्हापूर, पुणे, किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आधी फोन करा. ‘सशांवर करता का’ एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: सशांच्या दाढांसाठी तोंड उघडायची चौकट आणि लांब दांड्याचा बर आहे का? आयसोफ्लुरेन चालू आहे का? भूल बघणारा माणूस दात घासणाऱ्यापेक्षा वेगळा असतो का? शुद्धीवर येईपर्यंत ठेवून घेता का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकून निर्णय घ्या.

काही कारणाने सांगलीतच करावं लागलं तर औषध देण्यापूर्वी ग्रॅममध्ये वजन, सुरुवातीपासून नाकाशी ऑक्सिजन, खाली ऊब, कानाला किंवा जिभेला पल्स ऑक्सिमीटर, आणि झायलाझीनचा उतारा (अ‍ॅटिपामेझोल किंवा योहिम्बीन) सिरिंजमध्ये भरून तयार, एवढं मागून घ्या. हे मागणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

प्रवास पहाटे साडेचार-पाचला काढा. सशाला ३० अंशांच्या वर त्रास व्हायला लागतो. गाडीत एसी, नसेल तर बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा सरकता येईल. पिंजऱ्यात त्याचंच गवत आणि वापरलेलं गोणपाट ठेवा, ओळखीच्या वासाने तो खाणं सोडत नाही. जोडीचा ससा असेल तर त्यालाही न्या.

---

लसूणघास

भरवताना सांडतंय ते बहुतेक सिरिंजमुळे. मोठी सिरिंज नको. १ मिलिलिटरची घ्या, पुढची निमुळती चोच ब्लेडने कापून कड काचपेपरवर घासून गुळगुळीत करा, म्हणजे दाट खाणं अडकत नाही. ससा टॉवेलात गुंडाळून मांडीवर, चारही पाय टेकलेले, डोकं नेहमीच्या पातळीत. मान वर उचललीत तर फुप्फुसात जाईल. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने टोक आत घाला, अर्धा मिलिलिटर सोडा आणि जबडा हलेपर्यंत थांबा. चावलं, गिळलं, मग पुढचा अर्धा. घाई केली की तोच सांडतो किंवा ठसकतो.

खाण्याला सशांसाठीची तयार गवताची पावडर सर्वात चांगली, एक भाग पावडर आणि दोन भाग कोमट पाणी. मिळेपर्यंत त्याच्या नेहमीच्या पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढा. केळं, बिस्किट, सेरेलॅक, दूध यातलं काहीही मिसळू नका, गोडाने सीकममधले जिवाणू बिघडतात. हिशोब दिवसाला किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे चिकूला ८०: वीस-वीसचे चार वेळा. तो स्वतः थोडं खात असेल तर तेवढं कमी करा.

भुलेनंतर घरी आल्यावर. खोली शांत, जमिनीवर गोणपाट किंवा जाड टॉवेल अंथरलेला. गुळगुळीत लादीवर अर्धवट शुद्धीतला ससा पाय फाकवून पडतो. कोमट पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून एका कुशीला. पाण्याचं वाडगं तो पूर्ण सावध झाल्यावरच ठेवा, झापड असताना त्यात नाक बुडतं. समोर कोथिंबीर, मेथी, शेपू, दूर्वा, सगळं थोडं थोडं. पहिला दिवस पालेभाजी कात्रीने बारीक कापून द्या. जबडा बराच वेळ ताणून ठेवलेला असतो, सांधा दुखतो, म्हणून दोन-तीन दिवस तो हळूच चावेल. गवत मात्र समोरून काढू नका.

शुद्धीवर आल्यावर तीन-चार तासांत त्याने काहीतरी तोंडात घ्यायला हवं. घेतलं नाही तर सिरिंज सुरू, पण नीट गिळता येतंय हे पाहूनच. पहिली लेंडी १२ तासांच्या आत. लेंड्या वहीत मोजा, आकार लिहा, जमल्यास रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा. पहिल्या दिवशी छोट्या आणि कमी, दुसऱ्या दिवसापासून वाढत्या, असं असेल तर आतडं चालू झालंय.

कुबड काढून बसलाय, डोळे अर्धे मिटलेले, दात करकरतायत: ही वेदना आहे, हट्ट नव्हे. सशाचं वेदनाशामक कमी पडणं ही नेहमीची चूक. मेलॉक्सिकॅम कुत्र्याला रोज किलोमागे ०.१ मिलिग्रॅम देतात, सशाला १ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. बाजारातली पातळ औषधं दोन तीव्रतेची असतात, ०.५ आणि १.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे बाटली बदलली की डोस तिप्पट चुकतो. डॉक्टरांकडून मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या. अंगात पाणी कमी असेल तर हे औषध मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून सलाइन आधी.

रात्री कितीही वाजले असले तरी डॉक्टरांना उठवायचं अशी लक्षणं: पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, कान गार, मान वर ताणून किंवा तोंड उघडून श्वास, १२ तासांत एकही लेंडी नाही. पोट असं ताणलेलं असताना भरवू नका आणि दाबूही नका, आत अडथळा असेल तर जठर फुटतं. तिथे रक्तातली साखर बघायला सांगा. नेहमी ती ७५ ते १५० मिलिग्रॅम असते, ३६० च्या वर गेली तर आतडं अडलंय असा संशय घेतात.

---

पशुवैद्य_कोल्हापूर

वर सगळं आलंय, तीनच गोष्टी जोडतो.

नेलकटरने पुढचे दात पुन्हा कधीही कापू नका. दात दाबला जातो, उभा तडकतो, आतली नस उघडी पडते आणि पू होतो. पटाशीचे दात आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ते मुळातच एकमेकांवर बसत नसतील तर दर तीन-चार आठवड्यांनी घासत राहण्यापेक्षा कायमचे काढलेले बरे, आणि तसा ससा पालेभाजी बारीक करून दिली की उत्तम जगतो. चिकूचे पुढचे दात दाढांमुळे वाढले की उलट, हे एक्स-रेत दिसेल.

जबड्याखाली गाठ लागली तर ती सुईने काढून घेऊ असं कुणी म्हटलं तर थांबा. सशाचा पू वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट असतो. गाठ पिशवीसकट आणि कारणीभूत दाढेसकट काढावी लागते. आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन सशाला द्यायचं नाही. आतड्यातले चांगले जिवाणू मरून जीवघेणे जुलाब लागतात. घरात माणसांसाठी आणलेली गोळी चुकूनही नाही.

एकदा दाढा वाकड्या वाढू लागल्या की पुन्हा घासावं लागतं, कुणाला दोन महिन्यांनी, कुणाला वर्षाने. हे अंतर गवतावर ठरतं. दाढ झिजते ती आडव्या चावण्याने, आणि ते चावणं लांब, चिवट काडीनेच होतं. गाजर, पोळी, पेलेट वरखाली दोनदा चावून गिळले जातात. दूर्वा-हरळी, सुकवलेलं ओटचं किंवा टिमोथी गवत दिवसभर समोर, पेलेट रोज मोठे दोन चमचे. लसूणघास हिरवा दिसतो म्हणून भारा आणून घालू नका, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

एक्स-रे झाले की इथे टाका, तिरपे दोन्ही. वरच्या उजव्या दुसऱ्या दाढेचं मूळ आधी बघू.